स्पोर्ट्स कारची ब्रेक डिस्क निवडताना: आधी उष्णतेचा हिशोब, मग खाचा आणि भोकं

महागडी ब्रेक डिस्क बसवली म्हणून गाडी कमी अंतरात थांबत नाही. कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर पेडल पूर्ण दाबल्यावर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवत असेल, तर आहे ती डिस्कसुद्धा टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर लावू शकते. तिथून पुढे अंतर कमी करायचं तर टायर बदलावे लागतात. डिस्कचं काम वेगळं आहे. गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेच्या रूपात सामावून घ्यायची आणि पुढचा ब्रेक लागायच्या आत जमेल तेवढी हवेत सोडायची. दहावा ब्रेकसुद्धा पहिल्यासारखाच लागावा, यासाठी डिस्कवर पैसे घालायचे असतात.

इथली आकडेमोड साधारण १५०० किलो वजनाच्या आणि सव्वादोनशे-अडीचशे हॉर्सपॉवरच्या टर्बो-पेट्रोल गाडीची आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यू ३३०आय डोळ्यांसमोर ठेवा. हलक्या हॅचबॅकला आकडे कमी होतील, जड एसयूव्हीला वाढतील, पण निवडीचा क्रम तोच राहील.

दोष नेमका कुठे आहे?

डिस्क मागवण्याआधी सध्याचे ब्रेक कुठे कमी पडतात ते पाहा. पेडल काय सांगतंय, यावरून बरंचसं कळतं.

घाट उतरताना किंवा ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांनंतर पेडल मऊ होऊन खाली बसायला लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषतं, आणि कोकणात किंवा मुंबईत चार महिने हवा ओलीच असते. त्यामुळे जोरात चालवायच्या गाडीचं ऑइल दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलावं. ट्रॅकवर जाणार असाल तर मोतुल आरबीएफ ६०० सारखं ऑइल घ्या. ताजं असताना ते ३१२ अंशांपर्यंत उकळत नाही. सिलिकॉनवालं डॉट ५ मात्र वेगळ्या जातीचं असतं. नावात ५ आहे म्हणून ते डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळू नका.

पेडल कडक आहे, पाय खाली जात नाही, तरी गाडी थांबायला मागत नाही आणि जळका वास येतो? तर पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे, त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेत. कंपनीचे पॅड आवाज कमी आणि धूळ कमी या हिशोबाने बनवलेले असतात. फेरोडो डीएस२५०० किंवा त्या दर्जाचे पॅड टाकल्यावर बहुतेक गाड्यांची तक्रार तिथेच मिटते आणि डिस्कचा खर्च वाचतो.

ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं की गॅरेजमध्ये लगेच "डिस्क वाकली" म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा तापलेल्या पॅडचा थर एका जागी चिकटलेला असतो. तोही प्रकार नसेल तर हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये गंजाची पपडी अडकलेली असते. कारण शोधलं नाही तर नवी डिस्कही पाच हजार किलोमीटरमध्ये तशीच थरथरू लागेल.

ऑइल ताजं, पॅड चांगले, टायर चांगले, आणि तरीही डिस्क निळी पडते, केसासारख्या भेगा दिसतात, पॅड भराभर संपतात, तेव्हा डिस्ककडे वळा.

उष्णतेचा हिशोब

१५०० किलोची गाडी ताशी १०० वरून ४० वर आणताना सुमारे ४८६ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या चाकांवर येतो, म्हणजे पुढच्या एका डिस्कला १७० किलोज्यूल. ३१२ मिमी व्यासाच्या आणि २५ मिमी जाडीच्या डिस्कचं पॅड घासतं ते कडं साधारण ५ किलोचं असतं. एक किलो बिडाचं तापमान एक अंशाने वाढवायला अर्धा किलोज्यूल लागतो असं धरलं, तर एका ब्रेकला डिस्क ६८ अंशांनी तापते. हे रस्त्यावरचं चित्र झालं.

आता ग्रेटर नोएडातल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किट या रेस ट्रॅकची किलोमीटरहून लांब सरळ पट्टी घ्या. तिच्या टोकाला २०० वरून ८० वर यायचं म्हटलं तर ऊर्जा बरोबर चौपट होते. तीच डिस्क एका ब्रेकमध्ये २७० अंशांनी तापते, आणि ती नीट थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. ३४० गुणिले ३० मिमीच्या डिस्कचं कडं साडेसहा किलोच्या आसपास धरलं, तर तिथे तीच वाढ २१० अंशांवर येते. हवेचा आणि टायरचा रोध यात धरलेला नाही, पण तुलनेला एवढं पुरे. मोठ्या डिस्कचा खरा फायदा असा वजनात असतो. म्हणून "हलकी डिस्क" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर वजन कड्यातून कमी केलंय की मधल्या टोपीतून, म्हणजे हबवर बसणाऱ्या भागातून, हे विचारा. कड्यातून कमी केलं असेल तर डिस्क जास्त तापणार.

घाटाचं गणित निराळं असतं. ६०० मीटर उंची उतरताना याच गाडीची ८.८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. १०० वरून ४० वर आणणाऱ्या अठरा ब्रेकांएवढी ती आहे, आणि तीही कमी वेगात, म्हणजे हवा कमी मिळत असताना. पण इथे उपाय फुकट आहे. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. त्यातली बरीचशी ऊर्जा इंजिन घेतं. ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून पूर्ण घाट पेडलवर उतरणाऱ्याने त्यासाठी मोठ्या डिस्क घेऊ नयेत. गिअरचा लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये टाकावा.

मापं घ्या

एकाच मॉडेलवर इंजिन आणि वर्षाप्रमाणे दोन-तीन मापांचे ब्रेक येतात. "अमुक गाडीची डिस्क द्या" म्हणून मागवलं की चुकीचा खोका येण्याची शक्यता मोठी. चॅसी नंबरवरून सर्व्हिस सेंटरमधून पार्ट नंबर काढून घ्या. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांमध्ये डिकीत स्पेअर चाकाच्या जागेजवळ आणि सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो. त्यावरच्या तीन अक्षरी कोडांमध्ये ब्रेकचे कोडही असतात. पुढच्या ब्रेकचा कोड बहुधा १झेड किंवा १एल ने सुरू होतो, मागच्याचा १के ने.

तरीही चाक काढून स्वतः मापं घ्या. बाहेरचा व्यास, नव्या डिस्कची जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टच्या भोकांची संख्या आणि वर्तुळ, आणि एकूण उंची. यातली एकूण उंची बरेच जण सोडून देतात आणि अडकतात. डिस्क जमिनीवर पालथी ठेवली की टोपीच्या वरच्या पृष्ठभागापासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे ही उंची. यात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी डिस्क कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, मधोमध बसत नाही. एका बाजूचा पॅड घुसवावा लागतो, किंवा कड कॅलिपरच्या ब्रॅकेटला घासते.

मधलं भोक हबवर नेमकं बसलं पाहिजे. भोक मोठं असेल आणि "बोल्ट आवळले की मध्ये येईल" असं कुणी म्हणत असेल, तर ती डिस्क घेऊ नका.

डिस्कच्या कडेवर किंवा टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. ३० मिमीच्या डिस्कला साधारण २७, २५ मिमीच्या डिस्कला २२. जुनी डिस्क मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. व्हर्निअर इथे नीट चालत नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला ओठ राहतो आणि व्हर्निअर तो ओठच मोजतो. आठ आकड्यांमध्ये ०.०१५ मिमीहून जास्त तफावत असेल, तर थरथर तिथूनच येते आहे.

जुन्या डिस्कला लेथवर घासून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. रोजच्या गाडीला, जाडी भरपूर शिल्लक असेल तर ठीक. जोरात चालवायच्या गाडीला ते करू नये. घासून निघालेलं लोखंड म्हणजे उष्णता साठवायची गेलेली जागा, आणि वर हिशोब केला तो त्याच लोखंडाचा होता.

साधी, खाचांची की भोकांची

साध्या, सपाट डिस्कला स्पोर्ट्स कारवाले उगाच कमी लेखतात. त्याच मापात तिचं लोखंड सर्वांत जास्त, भेगा सर्वांत कमी, पॅड सर्वांत जास्त टिकतो. रस्ता, घाट आणि वर्षातून एखादा ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस), एवढा वापर असेल तर मूळ मापाची, जास्त कार्बनच्या बिडाची साधी डिस्क आणि चांगले पॅड ही आमच्या मते सर्वांत योग्य जोडी. साध्या बिडात कार्बन साधारण सव्वातीन-साडेतीन टक्के असतो, या डिस्कमध्ये त्याहून थोडा जास्त. त्यामुळे उष्णता धातूत लवकर पसरते, एकाच जागी तापून भेग पडण्याचं प्रमाण कमी होतं आणि आवाजही दबतो. झिमरमन, ब्रेम्बो, एटीई, डीबीए या सगळ्यांकडे अशा डिस्क मिळतात. समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर टोपीवर आणि कडेवर झिंकचं किंवा झिंक-अ‍ॅल्युमिनियमचं कोटिंग असलेलीच घ्या. कोटिंग नसलेली डिस्क अलिबाग-रत्नागिरीच्या हवेत एका पावसाळ्यात हबला चिकटून बसते.

खाचांच्या डिस्कमध्ये पृष्ठभागावर उथळ चर कापलेले असतात. फिरताना ते पॅडचा जळका थर खरवडतात, पावसाचं पाणी आणि धूळ बाहेर काढतात. त्यामुळे पेडलची जाणीव एकसारखी राहते. मोबदल्यात पॅड लवकर झिजतो आणि जोरात ब्रेक मारताना घरघर ऐकू येते. एपी रेसिंगची इंग्रजी जे च्या आकाराची खाच ट्रॅकवर उत्तम काम देते, रस्त्यावर तिचा आवाज त्रास देतो. वर्षाला चार-पाच ट्रॅक डे करणाऱ्याने खाचांची डिस्क घ्यावी. खाच कडेपर्यंत उघडी नसावी. कडेला पोचलेल्या खाचेच्या टोकापासून भेग सुरू होते.

भोकांची डिस्क दिसायला देखणी असते. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा थर तयार व्हायचा, तो बाहेर काढायला ही भोकं आली. आजच्या पॅडना त्यांची गरज फारशी उरलेली नाही. ओल्यात पहिला ब्रेक थोडा लवकर पकडतो, एवढा फायदा खरा. पण प्रत्येक भोकाभोवती ताण गोळा होतो. तापून-थंड होऊन भोकापासून भेग निघते, ती शेजारच्या भोकाकडे जाते आणि दोन भोकं जोडली गेली की डिस्क संपली. पोर्शसारखे कारखाने भोकांची डिस्क देतात, पण तिथे भोकांच्या जागा हवेच्या पातींचा विचार करून ठरवलेल्या असतात, कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि डिस्कचं माप मुळातच दांडगं असतं. स्थानिक वर्कशॉपमध्ये साध्या डिस्कला ड्रिल मारून देतात. ती कधीही बसवू नका. ट्रॅकवर जायचं असेल तर चांगल्या कंपनीच्याही भोकांच्या डिस्क टाळा.

बाहेरच्या नक्षीपेक्षा दोन कड्यांमधल्या पाती जास्त महत्त्वाच्या असतात. डिस्क फिरताना हवा मधून ओढून कडेने बाहेर फेकते. सरळ पाती किंवा खांबांची रचना असेल तर डाव्या-उजव्याचा प्रश्न येत नाही. पाती वळलेल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या डिस्क वेगळ्या असतात. बसवल्यावर वरच्या टोकाला, कडेच्या फटीतून पाहिलं असता, पाती गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेल्या दिसल्या पाहिजेत. उलट्या बसल्या तर हवेचा झोत मंदावतो. खाचांची दिशा पाहून डावं-उजवं ठरवायची चूक फार होते. आधी डिस्कवरची कंपनीची खूण पाहा, मग पाती पाहून खात्री करा.

दोन भागांच्या डिस्कमध्ये बिडाचं कडं आणि अ‍ॅल्युमिनियमची टोपी वेगळी असते. ३४० मिमीची डिस्क ५०० अंशांनी तापली की व्यास जवळपास दोन मिलिमीटरने वाढतो. एकसंध डिस्कमध्ये आतली बाजू टोपीला बांधलेली असल्याने कडं सरळ फुगू शकत नाही, तिरपं होतं. मग पॅड उतरता झिजतो आणि पेडल लांब जातं. दोन भागांच्या डिस्कमध्ये कडं मोकळेपणी फुगतं, आणि प्रत्येक चाकावरचं साधारण दीड-दोन किलो वजनही कमी होतं. पुढच्या वेळी फक्त कडं बदलता येतं, म्हणून नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याला ती परवडते. घेताना सुटं कडं भारतात मिळतं का, मागवायला किती आठवडे लागतात, हे आधी विचारा. कडं आणि टोपी यांची पूर्ण तरंगती, म्हणजे सैल, जोडणी खड्ड्यांवर खडखडते आणि पावसाळ्यातल्या चिखलाने तिला जोडणारी बटणं जाम होतात. रोजच्या गाडीला स्प्रिंगने दाबून ठेवलेली, अर्धी तरंगती जोडणी बरी.

कार्बन-सिरॅमिक डिस्क गाडीबरोबर कारखान्यातून आली असेल तरच ठेवा. तिचं वजन बिडाच्या निम्म्याच्या आसपास असतं आणि झीज वजनावरून ठरवतात, किमान वजन टोपीवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्याकडे चाक काढताना रिम डिस्कच्या कडेवर आदळली तर टवका उडतो आणि ती एक डिस्क लाखांत जाते. अशा गाडीत चाक काढताना लावायची मार्गदर्शक पिन टूलकिटमध्ये असते, ती वापरायलाच सांगा. बिडाच्या डिस्कचे पॅड तिच्यावर चालत नाहीत.

मोठं माप घ्यायचं असेल तर

३१२ वरून ३४० वर गेलात आणि पॅडची उंची तेवढीच राहिली, तर पॅडचा जोर जिथे लागतो ती त्रिज्या १३० वरून १४४ मिमी होते. तेवढ्याच पेडलला पुढचा ब्रेक अकरा टक्के जोरात लागतो. ऐकायला छान वाटतं, पण मागचा ब्रेक तेवढाच राहिला. पुढची चाकं आधी लॉकच्या सीमेवर येतात, एबीएस लवकर जागा होतो आणि मागच्या टायरची पकड वाया जाते. असं झालं की थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. म्हणून त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा पूर्ण संच, म्हणजे डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट आणि शक्य तर मागचे ब्रेकसुद्धा, बसवणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. तो समतोल कारखान्याने तपासलेला असतो.

चार पिस्टनचा कॅलिपर घेताना पिस्टनचं क्षेत्रफळ जुळवा. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो, पक्क्यात दोन्ही बाजूंना. ५७ मिमीच्या एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरचं क्षेत्रफळ २५.५ चौरस सेंटिमीटर येतं. चार पिस्टनच्या पक्क्या कॅलिपरमध्ये फक्त एका बाजूचे दोन पिस्टन मोजायचे. ४० मिमीचे असतील तर दोघांचं मिळून २५.१ होतं, म्हणजे जोडी जुळली. चारही मोजून "क्षेत्रफळ दुप्पट झालं" असं सांगणारा विक्रेता चुकीचं सांगतो आहे. क्षेत्रफळ खरोखरच फार वाढलं तर मास्टर सिलिंडरला (पेडलने चालणाऱ्या ऑइलच्या पंपाला) जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल लांब जातं.

रिममध्ये बसतं का, हे पैसे देण्याआधी तपासा. कॅलिपरच्या कंपनीकडून साच्याचं चित्र मागवा, ते खऱ्या मापात छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि रिमच्या आत फिरवून पाहा. स्पोक आणि आतल्या भिंतीपासून किमान ३ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या भिंतीला असतात, ती या मापात धरा. पुढे कधी बॅलन्सिंग केलं आणि वजन कॅलिपरच्या समोर चिकटवलं, तर पहिल्याच फेरीत ते खरवडून निघतं. स्पेअर चाकही लावून पाहाच. १५ किंवा १६ इंचाचं छोटं स्पेअर मोठ्या ब्रेकवर चढतच नाही, आणि ते रात्री अकराला आंबोलीत कळून उपयोग नाही.

मूळ मापाची डिस्क बसवणं म्हणजे सुटा भाग बदलणं. वेगळ्या मापाचा संच मात्र विमा कंपनीला लेखी कळवा आणि पावती जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनाच्या बदलांबाबत आहे, आणि अपघाताच्या दाव्यात ब्रेकचा बदल आधी पाहिला जातो.

खरेदी

डिस्क एका धुरीवर जोडीनेच घ्यायची, पॅडही नवे. युरोपच्या रस्त्यासाठी मान्यता मिळालेल्या बदली डिस्कवर वर्तुळात इंग्रजी ई आणि ९०आर-०२ ने सुरू होणारा क्रमांक असतो. ट्रॅकसाठीच्या डिस्कवर तो नसेल, ते ठीक. पण साध्या बदली डिस्कवर कंपनीचं नाव आहे आणि किमान जाडी, बॅच नंबर, मान्यता यांपैकी काहीच कोरलेलं नाही, तर माल नकली समजा. खोका आल्यावर डिस्कच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. कुरिअरमध्ये आपटलेल्या डिस्कच्या कडेला चपटा डाग असतो. ती परत करा.

बसवणी

१. गाडी सपाट जागेवर, जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर काम नाही. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने आधी सर्व्हिस मोडमध्ये टाका, नाहीतर पिस्टन मागे ढकलताना मोटर तुटते.

२. कॅलिपर सोडवा. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच सरकत्या कॅलिपरना ७ मिमीचा ॲलन लागतो. सोडवलेला कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. मग ब्रॅकेट काढा.

३. डिस्कचा छोटा स्क्रू, बहुधा टॉर्क्स टी३०, गंजून बसलेला असतो. गंजरोधक स्प्रे मारून थांबा, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या पान्याने ओढत बसलात की त्याचं डोकं गोल होतं.

४. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने आणि घासणीने चकचकीत होईपर्यंत साफ करा. पूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची दहा मिनिटं. १४० मिमीच्या हबच्या कडेला ०.०३ मिमीची पपडी राहिली, तर ३२० मिमीच्या डिस्कच्या कडेला ती ०.०७ मिमी डोलते. बोल्टच्या भोकांभोवतीचा गंजाचा कंगोरा विशेष पाहा. स्वच्छ केल्यावर ग्रीस थापू नका.

५. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि तो पॅडमध्ये मुरतो.

६. डिस्क चढवा, चाकाचे बोल्ट योग्य वॉशर लावून चांदणीच्या क्रमाने आवळा आणि डायल गेज, म्हणजे डिस्कचं डोलणं मोजणारं सुईचं यंत्र, लावा. कडेपासून १० ते १५ मिमी आत सुई टेकवून डिस्क हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. ०.०५ मिमीच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं तर डिस्क काढून हब पुन्हा साफ करा. तरीही जास्त असेल तर डिस्क काढून हबच मोजा. दोष बेअरिंगचा किंवा हबचा असू शकतो.

७. गाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या) काढून पुसा, त्यांचंच ग्रीस लावा, रबर फाटलं असेल तर बदला. अडकलेल्या पिनमुळे आतला पॅड एकटाच झिजतो आणि डिस्क एका बाजूने तापते. पिस्टन मागे ढकलताना ऑइलची टाकी ओसंडत नाही ना ते पाहा, सांडलेलं ऑइल गाडीचा रंग खातं.

८. ब्रॅकेटचे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हटले असतील तर नवे घ्या. आवळणी टॉर्क रेंचने, आकडा तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधून. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने आवळू देऊ नका. असमान आवळणीने टोपी पिळली जाते आणि तुम्ही डायल गेजवर केलेली मेहनत वाया जाते.

९. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या दोन-तीन दाबांत ते सरळ खाली जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की मागची भिंत गाठते.

पॅड-डिस्क बसवून घेणं

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा उतरायला हवा. पहाटेचा मोकळा, सरळ रस्ता निवडा, मागे कुणी नाही याची प्रत्येक वेळी खात्री करा. आधी ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा. मग ९०-१०० वरून २० पर्यंत, एबीएस न जागवता जोरात, आठ-दहा वेळा. मधे अर्धा-एक मिनिट गाडी चालती ठेवा. वास येईल, पेडल थोडं लांबेल, तिथे थांबा. यानंतर पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवून थंड करा. या पूर्ण वेळात पेडल दाबून एका जागी उभं राहायचं नाही. तापलेला पॅड जिथे टेकून राहतो तिथे त्याचा ठसा उमटतो, आणि थरथर सुरू होते. ट्रॅकवरून आल्यावर पिटमध्ये हँडब्रेक न लावण्याचंही कारण हेच. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

घाट उतरून आल्याआल्या किंवा ट्रॅकवरून थेट वॉशिंग सेंटरला जाऊ नका. तीन-चारशे अंशांच्या बिडावर थंड पाण्याचा फवारा बसला की भेगा पडतात.

नंतरची तपासणी

पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. हजार किलोमीटरनंतर चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा. दोघांत दोन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर गाईड पिन किंवा पिस्टन अडकतोय. पृष्ठभागावरच्या केसासारख्या भेगा ट्रॅकवरच्या डिस्कला येतातच. त्यांवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर लक्ष ठेवून चालवता येतं. नख अडकलं, भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोचली किंवा दोन भोकांना जोडू लागली, तर त्या दिवसाची फेरी तिथेच थांबवा आणि दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. किमान जाडीच्या वर अर्धा मिलिमीटर उरला असेल आणि नवे पॅड टाकायची वेळ आली असेल, तर पॅडबरोबर डिस्कही मागवा. नवे पॅड संपेपर्यंत ती जुनी डिस्क टिकणार नाही.